उजव्या हाताचे दान आणि फेसबुकवरचा फोटो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाने जूनमध्ये गरजू मुलांना वह्या-दप्तरे वाटली आणि मुलांसकट फोटो फेसबुकवर टाकले. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी रविवारी उपासना सुटल्यावर चारचौघांत त्यांना झापले: "उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, हे शास्त्रात वाचले नाही का?" पोरांनीही शास्त्रच काढले: "तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या." दोन्ही वचने येशूची आणि एकाच डोंगरावरील प्रवचनातली. मग ख्रिस्ती विचारवंतांनी त्यांचा मेळ कसा घातला, आणि बरोबर कोण?

मी बरीच वर्षे चर्चचा इतिहास शिकवतो आहे आणि मंडळीच्या मदतनिधीच्या वह्याही सांभाळल्या आहेत. उत्तर आधीच सांगून टाकतो. जवळजवळ सगळ्या मोठ्या विचारवंतांनी 'कोणी पाहिले' यापेक्षा 'कशासाठी केले' याला वजन दिले. उघड केलेले सत्कर्म त्यांनी वाईट ठरवले नाही, वाहवेसाठी केलेले ठरवले. हे उत्तर बरोबर आहे, पण फार सोयीचे आहे. हेतू कोणाला दिसतो? ज्याला फोटो टाकायचाच आहे तो 'माझा हेतू शुद्ध आहे' म्हणून मोकळा होतो. त्या जुन्या विचारवंतांपैकी जे खोल गेले, त्यांना ही अडचण पुरती ठाऊक होती.

आधी मूळ वचने, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातली. मत्तय ५:१६ म्हणते, लोकांनी "तुमची सत्कर्मे पाहून तुमच्या स्वर्गातील पित्याचे गौरव करावे". पुढच्याच अध्यायाच्या सुरुवातीला इशारा आहे की लोकांनी पाहावे म्हणून त्यांच्यासमोर धर्माचरण करू नका; ढोंगी लोक सभास्थानांत व रस्त्यांत करणा वाजवून दान करतात, ते "आपले प्रतिफळ भरून पावले आहेत". म्हणजे हिशेब तिथेच मिटला, देवाकडे काही येणे उरले नाही. दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींना येशू तोच नियम लावतो. उपास करणाऱ्याला तर तो सांगतो की डोक्याला तेल लाव, तोंड धू, कोणाला कळू देऊ नको.

यहुदी परंपरेला हे परके नव्हते. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातल्या शकालीम या भागात यरुशलेमच्या मंदिरातल्या एका गुप्त दालनाची नोंद आहे. पापभीरू लोक तिथे गुपचूप दान ठेवत आणि चांगल्या घरातले, पण दिवस फिरलेले लोक तिथूनच गुपचूप मदत घेत. ही गुप्तता जितकी देणाऱ्याच्या आत्म्यासाठी, तितकीच घेणाऱ्याच्या अब्रूसाठी होती. हा दुसरा भाग ध्यानात ठेवा. पुढच्या ख्रिस्ती चर्चेत तो बराच मागे पडला.

चौथ्या शतकात चर्चला राजाश्रय मिळाला आणि श्रीमंत मंडळी चर्चमध्ये आली. येताना त्यांनी रोमन सवयीही आणल्या. रोमन शहरात मोठा माणूस म्हणजे स्वतःच्या खर्चाने खेळ भरवणारा, स्नानगृहे बांधणारा, आणि दगडावर नाव कोरून घेणारा. सुवर्णमुख म्हणून ओळखला जाणारा जॉन क्रिसोस्तोम अंत्युखियात उपदेशक होता. पोकळ कीर्ती आणि मुलांचे संगोपन यावर त्याने एक ग्रंथ लिहिला, त्याच्या सुरुवातीलाच तो अशा दानशूराचे चित्र काढतो. नाट्यगृह खच्चून भरलेले. तो आत शिरताच सारे उठून उभे राहतात, एका आवाजात जयजयकार करतात. कोणी म्हणते हा आपल्या शहराचा पालक, कोणी म्हणते ही दानाची नाईल नदी. त्यावर दुसरे ओरडतात, नाईल कसली, हा तर महासागर! शेठजी सुखावून वाकतात आणि बसतात. मग काही काळाने पैसा संपतो, आणि जयजयकार करणारेच त्याच्यावर तोंडसुख घेऊ लागतात. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन वाचताना आपल्याकडचे सत्काराचे मंडप आठवल्याशिवाय राहत नाहीत.

त्याच सुमाराला रोममध्ये बायबलचा विद्वान भाषांतरकार जेरोम होता. त्याची जीभ तिखट. ३८४ साली एका तरुण व्रतस्थ स्त्रीला लिहिलेल्या पत्रात तो संत पेत्राच्या बसिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. रोममधली एक अतिशय खानदानी बाई, पुढे खोजा सेवकांचा ताफा, भिकाऱ्यांना स्वतःच्या हाताने एकेक नाणे वाटत चालली होती. स्वतःच्या हाताने का, तर अधिक धर्मशील दिसावे म्हणून. फाटक्या कपड्यांतली एक म्हातारी एक नाणे घेऊन पुन्हा पुढे पळत जाऊन रांगेत उभी राहिली. तिच्यापाशी आल्यावर बाईंनी नाण्याऐवजी ठोसा लगावला, म्हातारीचे रक्त निघाले. या विषयावर मी कधीही शिकवले तरी हा प्रसंग सांगतोच, कारण यात देखाव्याचा धोका नेमका दिसतो: देखावा बिघडवणारा गरीब हा देखावा करणाऱ्याला शत्रू वाटू लागतो. पुढे बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकावरच्या भाष्यात जेरोमने आणखी एक तक्रार नोंदवली. चर्चमध्ये डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, अर्पणे देणाऱ्यांची नावे मोठ्याने वाचतो, अमकीने इतके दिले, तमक्याने इतके कबूल केले, आणि लोकांनी वाहवा केली की ही मंडळी खूश. म्हणजे नावे वाचण्याची पद्धत चर्चचा कारभार पाहणाऱ्या आपल्या पंचकमिट्यांनी शोधलेली नाही.

इथे इतिहासातला एक गोड भाग सांगायचा मोह होतो. त्या काळच्या अनेक चर्चच्या जमिनीवर दगडी तुकड्यांची नक्षी आहे आणि त्यात देणगीदारांच्या नोंदी आहेत. उत्तर इटलीत ग्रादो इथल्या चर्चमध्ये कोणी आपल्या नावे किती फूट फरशी घालून दिली हे चक्क मांडलेले आहे. पण त्याच शतकांतल्या इतर चर्चमध्ये, विशेषतः पूर्वेकडे, एक वेगळे वाक्य पुन्हा पुन्हा सापडते: ज्यांची नावे देवाला ठाऊक आहेत, त्यांचे हे अर्पण. काम उघडे, जमिनीवर सगळ्यांच्या पायाखाली. नाव मात्र नाही. वादावर हजार पानांच्या भाष्यांनी दिले नाही इतके नेमके उत्तर त्या कारागिरांनी दिले, असे मला वाटते.

आता भाष्यांकडे. मत्तयावरच्या प्रवचनांत क्रिसोस्तोम म्हणतो की करणा खरोखर कोणी वाजवत नव्हते, त्या वेडाचे टोक दाखवायला येशूने तसे म्हटले. मग तो मुद्द्याचे सांगतो: लोकांसमोर दान करूनही दिसण्यासाठी न करणे शक्य आहे, आणि लोकांआड करूनही दिसण्यासाठी करणे शक्य आहे. दुसरी शक्यता पाहा. दार लावून दिलेले दान, पण मनात सारखे की कधीतरी कळेल, आणि कळल्यावर किती मोठे वाटेल! प्रेक्षक हवेच असतील तर देवदूत आहेत, खुद्द विश्वाचा देव आहे, असेही तो सुनावतो.

उत्तर आफ्रिकेतला धर्मपंडित ऑगस्टीन याने ३९३-३९४ च्या सुमारास डोंगरावरील प्रवचनावर जे भाष्य लिहिले त्यात या दोन वचनांची गाठ सर्वांत नीट सोडवली आहे. चांगले करणाऱ्याने स्तुतीच्या मागे लागू नये. स्तुती मागून आली तर येऊ द्यावी, कारण जे स्तुती करतात त्यांनाच त्यातून लाभ व्हायचा असतो, पाहून तेही तसे करू लागतील. डावा हात म्हणजे कोण, यावर त्याच्या काळी बरेच तर्क चालत. कोणी म्हणे अविश्वासी लोक, कोणी म्हणे शत्रू. काहींचे तर म्हणणे होते की डावा हात म्हणजे बायको, कारण घरात पैसा सोडायला बायकांच्या जिवावर येते! ऑगस्टीन हे हसण्यावारी न नेता शांतपणे खोडून काढतो आणि म्हणतो, डावा हात म्हणजे स्तुतीची हाव, उजवा म्हणजे देवाची आज्ञा पाळण्याची इच्छा. दोन्ही एकाच माणसाचे हात. दान देताना हाव मधे येऊ नये, एवढाच अर्थ.

पण हाच ऑगस्टीन काही वर्षांनी 'कबुलीजबाब' या आत्मकथनाच्या दहाव्या भागात स्वतःच्या त्या उत्तरावरही समाधानी दिसत नाही. तो विचारतो: मला पैशाची हाव आहे की नाही हे तपासायचे तर पैसा टाकून पाहता येते. स्तुतीचे काय? स्तुतीशिवाय मी राहू शकतो का, हे तपासायला काय मी वाईट वागून पाहायचे, म्हणजे कोणी स्तुतीच करणार नाही? चांगले वागलो की स्तुती मागोमाग येणारच. तेव्हा ही परीक्षा घेताच येत नाही. आणि वर तो म्हणतो, पोकळ कीर्तीचा तिरस्कार करतो असे सांगतानाही माणूस त्या तिरस्काराचीच शेखी मिरवतो. आपला हेतू आपल्यालाच नीट दिसत नाही, हे इतक्या प्रामाणिकपणे त्याच्या आधी कोणी लिहिल्याचे मला माहीत नाही.

मठवासी लोकांनी हे रोजच्या अनुभवाने ओळखले होते. जॉन कॅसियनने इजिप्तच्या वाळवंटातल्या वडिलांकडून, म्हणजे ज्येष्ठ तपस्व्यांकडून, शिकून आपल्या ग्रंथाचे एक सबंध प्रकरण पोकळ कीर्तीवर लिहिले. हे वडील तिला कांद्याची उपमा देत: एक पापुद्रा काढावा तर आत दुसरा तयार. चांगले कपडे घातले तर त्याचा गर्व, फाटके घातले तर त्याचा. लोकांत उपास दिसू दिला तर दिखावा, लपवला तर 'मी लपवतो' याचा मनातल्या मनात आनंद. म्हणून केवळ लपवल्याने कोणी सुटत नाही. आणि जाता जाता, पोरांना झापणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांसाठीही यात शब्द आहे. चुकलेल्याला समज देणे हेही सत्कर्मच. त्याबद्दल मत्तय १८:१५ सांगते की आधी एकांतात जाऊन सांग. उपासना सुटल्यावर चारचौघांत दिलेली शिकवण मला त्या फोटोपेक्षा फार वेगळी वाटत नाही.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या थोर ग्रेगरीने या सगळ्याचे सार एका वाक्यात बांधले: काम उघडे असू दे, हेतू मात्र गुप्त राहू दे. मध्ययुगभर हेच चालले. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने त्याची पद्धतशीर फोड केली: कीर्ती तीन प्रकारे पोकळ ठरते, ज्या गोष्टीसाठी मिळते ती क्षुद्र असली तर, जे देतात त्यांचा निवाडा भरवशाचा नसला तर, किंवा देवाचा गौरव वा शेजाऱ्याचे भले हे साध्य तिच्यात नसले तर. आपले चांगले काम इतरांना कळावे असे वाटणे हे त्याच्या मते मुळात पाप नाही. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५२० मध्ये सत्कर्मांवरच्या पुस्तिकेत जोर दुसरीकडे वळवला. विश्वासाने केलेले असेल तर गवताची काडी उचलणेही सत्कर्म. विश्वास नसेल तर मोठमोठे मठ बांधूनही काही नाही. त्याचा रोख देवळे, घंटा, वेद्या यांवर खर्च करून शेजाऱ्याला विसरणाऱ्यांवर होता. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक वेस्ली याने दुसऱ्या टोकाला इशारा दिला: ख्रिस्ती धर्म हा लोकांत जगायचा धर्म आहे, त्याला एकांतवासाचा धर्म केला तर तो संपलाच. न लपवल्याने आपल्या हातून वा इतरांकडून जास्त भले होईल अशी पक्की खात्री असेल तर लपवू नये, असे तो स्पष्ट म्हणतो.

विचारवंतांपेक्षा मला संस्था जास्त शिकवतात. हेतू दिसत नाही हे मान्य करून त्यांनी बाहेरून काही व्यवस्था लावल्या. फ्लॉरेन्सची मिझेरिकोर्दिया ही बंधुसंस्था परंपरेनुसार १२४४ सालची. आजाऱ्यांना उचलून नेणे, बेवारस मेलेल्यांना माती देणे हे तिचे काम, तेही भर रस्त्यातून. पण काम करताना सभासद पायघोळ काळा झगा घालत आणि तोंड झाकणारी टोपी ओढून घेत, डोळ्यांपुरती भोके ठेवून. खांद्यावर मुडदा कोणी घेतला आहे, सावकाराने की चांभाराने, हे रस्त्यावरच्या माणसाला कळत नसे. मत्तय पाच आणि मत्तय सहा एकाच वेळी पाळण्याची याहून सरळ युक्ती मी पाहिलेली नाही. याच नावाची पण वेगळी अशी पोर्तुगीज बंधुसंस्था १४९८ मध्ये लिस्बनमध्ये सुरू झाली आणि सोळाव्या शतकात आपल्या गोव्यात आली. दयेची कामे तीच. पण गोव्यात तिचे सभासदत्व हीच मोठी प्रतिष्ठा होऊन बसली. कांद्याचा पापुद्रा इथेही निघालाच.

दुसरे उदाहरण ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे. एकोणिसाव्या शतकात त्याने अनाथ मुलांसाठी पाच मोठी घरे उभारली, दोन हजारांवर मुलांची सोय केली, आणि कोणाकडेही पैसे न मागता फक्त प्रार्थना करायची असा नेम धरला. हे काम त्याने जाणूनबुजून उघड ठेवले होते. त्याचे म्हणणे असे की मुले वाढवणे हा हेतू आहेच, पण पहिला हेतू हा की कोणाजवळ हात न पसरता देव पुरवतो हे लोकांना दिसावे. त्यासाठी तो वर्षाचा अहवाल छापायचा, देणग्यांच्या रकमा द्यायचा, देणाऱ्यांची नावे मात्र नाही. टीकाकार म्हणत, अहवाल छापणे ही मागणीच झाली की! म्युलरलाही हे टोचत असावे, कारण १८४१ च्या डिसेंबरमध्ये तिजोरी रिकामी असताना त्याने अहवाल आणि जाहीर सभा मुद्दाम पुढे ढकलल्या, म्हणजे अडचण जाहीर करून पैसे काढले असे होऊ नये. पंडिता रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात ज्या पुस्तकांचा आपल्यावर परिणाम झाला ती सांगितली आहेत, त्यांत म्युलरचे पुस्तक आहे. केडगावच्या मुक्तिमिशनमागे ही परंपरा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

विसाव्या शतकात जर्मन धर्मपंडित दीट्रिख बोनहोफरने १९३७ च्या आपल्या ग्रंथात प्रश्नच बदलला. गुप्त ठेवायचे, पण कोणापासून? लोकांपासून नव्हे, कारण पाचव्या अध्यायात दिसलेच पाहिजे म्हटले आहे. मग स्वतःपासून. शिष्याची नजर ख्रिस्ताकडे असते, आपण काय चांगले केले इकडे नसते. मला मत्तय २५ यासोबत वाचायला आवडते. शेवटच्या न्यायाच्या वेळी नीतिमान गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले? त्यांना आठवतच नाही. डाव्या हाताला खरोखरच कळलेले नाही.

आता, तरुण संघातल्या पोरांनो, तुमच्या फोटोबद्दल. इतक्या विचारवंतांत एक गोष्ट मला कायम कमी वाटते: बहुतेकांना काळजी देणाऱ्याच्या आत्म्याची आहे. घेणाऱ्याचे काय? जेरोमच्या गोष्टीतली म्हातारी सोडली तर गरिबाचा चेहरा फार कमी ठिकाणी दिसतो. मंदिरातल्या त्या गुप्त दालनाची आठवण म्हणूनच काढली. फोटोत दप्तर घेणारा मुलगा उद्या शाळेत जाणार आहे आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आयांच्या मोबाइलवर तो फोटो असणार आहे. तुमचा हेतू सोन्यासारखा असला तरी हे बदलत नाही. म्हणून हेतूचा वाद न घालता मी सरळ सांगेन की ती पोस्टच आजच उतरवा. पुढच्या वर्षी वह्या शाळेतल्या बाईंच्या किंवा सरांच्या हाती द्या, त्यांना कोणाला गरज आहे हे माहीत असते आणि रांग लावावी लागत नाही.

पण सगळे लपवा, असे मात्र मी म्हणणार नाही. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा मासेदोनियातल्या मंडळ्यांचे औदार्य त्याने करिंथकरांना उघड सांगितले, आणि तुमच्या उत्साहाने पुष्कळांना चेतवले असेही त्यांना लिहिले. नावे त्याने मंडळ्यांची घेतली, व्यक्तींची नाही. आणि पैसा पोचवायला सोबत इतर भाऊ पाठवले, कारण देवाच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते करायचे होते (२ करिंथ ८). हिशेब उघडा ठेवणे ही बढाई नव्हे. ज्यांनी पैसे दिले त्यांना वह्या किती आल्या, कोणत्या दुकानातून, किती रुपयांना, शिल्लक किती, हे कळायलाच हवे. दुकानाचे बिल आणि वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो मंडळीच्या सूचना फलकावर लावा. देणगीदारांची पावती फाडावी लागते, नाव-पत्ता वहीत लिहावा लागतो, तो लिहा. कायद्याला नोंद हवी असते, व्यासपीठावरून वाचन नको असते. वार्षिक अहवालात नावांसमोर रकमा छापण्याची पद्धत असेल तर पंचकमिटीत विषय काढून ती बंद करा, आणि एकूण रक्कम तेवढी छापा. कमी देणारी विधवा बाई त्या यादीत स्वतःचे नाव शोधत नसते, ती आपले नाव तिथे नसावे अशीच प्रार्थना करत असते. अर्पणाची मखमली थैली आपल्याकडे अजून फिरते ती याच कारणाने चांगली: मूठ आत जाते, काय टाकले ते शेजारच्याला दिसत नाही. ताट फिरवण्याचा ठराव आला तर माझे मत विरोधात धरा.